फुलतरू

नेरला बदली होऊन आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. खोली मिळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी घरमालकाच्या मुलानं सांगितलं, "सर, बाजूले हवालदारकाका रायतेत. त्यायच्या घरी दर रविवारी फुलतरू काढतेत."

मी मराठीचा मास्तर. शब्द कानावर पडला की आधी त्याचा समास सोडवायचा, मग अर्थ लावायचा, ही खोड. फुलांनी बहरलेला तरू, मध्यमपदलोपी. वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावात शेजाऱ्याच्या पोराच्या तोंडी 'तरू' ऐकून ऊर भरून आला. पारिजातक असणार, किंवा बकुळ. बायकोला सांगितलं, तर तिनं पूजेसाठी चार फुलं आणा म्हणून वेताची परडी हातात दिली. रविवारी सकाळी सात वाजता परडी घेऊन मी शेजारच्या ओट्यापाशी उभा राहिलो.

ओट्यावर बनियन आणि खाकी अर्धी चड्डी घातलेले एक गृहस्थ बसले होते. समोर बाभळीच्या लाकडाचा घोडा आणि त्यावर आडवी ठेवलेली रायफल. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग परडीकडे आणि म्हणाले, "बरं केलं आणली. ठेवा इथं." माझ्या हातातली परडी घेऊन त्यांनी तिच्यात फ्लॅनेलच्या पांढऱ्या चिंध्या एकावर एक रचल्या. ती परडी आजही त्यांच्याच घरी आहे. आम्ही देवाची फुलं पितळी ताटलीत ठेवतो.

फुलतरू म्हणजे पुल-थ्रू. एक मजबूत दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला चिंधी अडकवायचा फास. वजन नळीत मागून सोडायचं, ते तोंडातून बाहेर आलं की दोरी धरून ओढायची आणि चिंधी मळ घेऊन बाहेर येते. इंग्रजांनी फौजेला दिलेला हा शब्द जवानांनी इतका वापरला की त्याची इंग्रजी कळा गेली आणि त्याला पालवी फुटली. मी काकांना समासाची गंमत सांगितली. ते गंभीरपणे म्हणाले, "सर, झाड नाही ते. दोरी हाये."

हवालदारकाका महार रेजिमेंटचे. भरती झाल्यावर मध्य प्रदेशात सागरच्या सेंटरला घडले आणि नंतरची बहुतेक नोकरी कोतात काढली. कोत म्हणजे पलटणीची हत्यारं ठेवायची खोली. तिची किल्ली ज्याच्याकडे, तो कोत हवालदार. जवान रायफल जमा करायला आला की काका ती उजेडाकडे धरत, आत पाहत आणि एकच शब्द बोलत, "परत." गडी पुन्हा चिंधी मारून यायचा. पुन्हा "परत." काकांनी आयुष्यात शत्रूवर एकही गोळी झाडली नाही, पण त्यांच्या भीतीनं आख्ख्या कंपनीच्या पोटात गोळा यायचा, असं त्यांच्याच पलटणीतल्या दारव्ह्याच्या एका माणसानं मला सांगितलं आहे.

या कडकपणाचं मूळ एका चिंधीत आहे. काका रंगरूट असताना एसएलआर रायफल साफ करायला दिली. नियम असा की पुसायची चिंधी चार इंच बाय दोन इंच आणि तेल लावायची चार बाय दीड. हा अर्धा इंच उगाच नाही. रुंद चिंधी नळीत गच्च बसते आणि मळ खरवडून आणते. अरुंद चिंधी सैल जाते, म्हणून तेलाचा पातळ हात मागे ठेवून जाते. तरुण काकांना वाटलं, दोन चिंध्या एकदम घातल्या तर दुप्पट साफ होईल. घातल्या. निम्म्या नळीत गेल्यावर दोरी जागची हलेना. दोघांनी ओढली, चौघांनी ओढली. रस्सीखेच पाहायला अख्खी बराक जमली आणि दोरी तुटली. रायफल आर्मोररकडे गेली आणि काका मैदानाकडे. दुसऱ्याची रायफल डोक्यावर धरून किती चकरा मारल्या ते सांगताना आकडा दर वेळी वाढतो. मी ऐकायला लागलो तेव्हा आठ होत्या, मागच्या दिवाळीत सतरा झाल्या. "पण सर, त्या दिवशी मले समजलं. मानसाच्या गळ्यात घास अडकते, तशी नळीच्या गळ्यात चिंधी अडकते. घास लहान घेवा."

निवृत्तीनंतर काका नेरला परतले. शेत आहे, कपाशी, सोयाबीन, मधे तुरीच्या ओळी. इथल्या शेताला दोन वैरी, रोही आणि रानडुक्कर. रोह्यांचा कळप रात्रीतून तूर चरून जातो. डुकरं खातात त्याहून जास्त लोळून आडवं करतात. म्हणून पीक संरक्षणाचा परवाना काढून काकांनी .३१५ बोअरची स्पोर्टिंग रायफल घेतली. इंडियन ऑर्डनन्सची, जुन्या ली-एनफिल्डच्या घराण्यातली. घरात आणली त्या दिवशी काकूंनी तिला ओवाळलं आणि त्यानंतर सवतीला ओवाळल्याचा पश्चात्ताप करत त्यांनी वीस वर्षं काढली.

काकूंची तक्रार चिंध्यांची. काकांना चिंधी लागते पांढरी, म्हणजे मळ दिसतो. आणि फ्लॅनेलची, म्हणजे धागे सुटत नाहीत. पांढरं फ्लॅनेल घरात एकाच कारणानं येतं. "दोन लेकरं अन् तीन नातवंडं वाढवली जी," काकू मला म्हणाल्या, "पण दुपटं म्हणून आठ दिवस टिकलं नाही. वाळत टाकलं का यायची पट्टी अन् कैची हाजर. धाकटा तर अर्ध्या दुपट्यावर वाढला."

आता तो रविवारचा सोहळा. शंभरदा तरी पाहिला असेल, पण काकांच्या हातात काही तरी आहे की डोळा हलत नाही.

आधी मॅगझीन काढायचं. मग बोल्ट मागे ओढून चेंबरमध्ये पाहायचं, मग करंगळी घालून पाहायचं, मग पुन्हा पाहायचं. तीनदा. "खाली हाये" असं मोठ्यानं म्हणायचं, कोणी ऐकायला नसलं तरी. नंतर बोल्ट पूर्ण मागे घेऊन त्याचं डोकं वर उचललं की तो अख्खा हातात येतो आणि नळी मागून पुढपर्यंत मोकळी होते. काका म्हणतात, या घराण्याच्या रायफलीचा हा मोठा उपकार. जिला मागून उघडता येत नाही तिची नळी तोंडाकडून साफ करावी लागते, आणि नळीचं तोंड म्हणजे तिची अब्रू. गोळी बाहेर पडताना शेवटचा स्पर्श त्या कडेला होतो. ती कड एका बाजूला जरा जरी झिजली तरी मागून सुटणारा वायू गोळीला तिरका धक्का देतो आणि नेम जातो.

मग फुलतरूच्या तीन ओढी कोरड्या. ओढ सुरू केली की मधे थांबायचं नाही आणि दोरी नळीच्या रेषेतच ठेवायची. नाही तर दोरी कड खाते. "सीधी ओढ! सीधी!" हे काका स्वतःलाच हिंदीत बजावतात. त्यांच्या हातांना मराठी कळत नाही.

त्यानंतर रॉड, आणि इथे काका जवानाचे कारागीर होतात. जोडाचे रॉड त्यांना चालत नाहीत, कारण दर जोडापाशी बारीक धार असते आणि ती आतून ओरखडे काढते. ॲल्युमिनियमही नाही, मऊ धातूत रेतीचे कण रुततात आणि रॉडची कानस होते. म्हणून सलग पितळी सळईचा रॉड करून घेतला. त्यापायी यवतमाळ ते अमरावती तीन लेथवाल्यांशी बोलणं बंद झालं. टोकाला सुईसारखं नेढं. नेढ्यात चिंधी ओवायची, तेलात बुडवून निथळायची, मागून घालायची आणि एका लयीत पुढे न्यायची. मूठ फिरती आहे, कारण नळीच्या आत पिळाचे आटे आहेत. चिंधी त्या पिळानं वळत जाते, तिला वळू द्यायचं. चिंधी तोंडातून बाहेर आली की तिथेच काढून टाकायची आणि रॉड रिकामा मागे घ्यायचा. मळकी चिंधी परत आत ओढणारा माणूस काकांच्या मते अंगणातला केर झाडून पुन्हा घरात आणणारा.

मग पाच मिनिटं गप्प बसायचं. तेल मळ सोडवत असतं. या पाच मिनिटांत काका कोणाशी बोलत नाहीत. एकदा याच वेळात तलाठी आले होते. ते ओट्याच्या पायरीवर पाच मिनिटं बसून राहिले.

मग कोरड्या चिंध्या, एकामागून एक. पहिली काळी, दुसरी राखाडी, तिसरी चहाच्या डागासारखी. काका त्या परडीच्या काठावर क्रमानं वाळत घातल्यासारख्या लावतात. शेवटची जशी गेली तशी पांढरी बाहेर आली, की "बस." शेवटी नळी दाखवायची. मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख तिरकं धरायचं, म्हणजे उजेड नखावरून आत उडतो आणि पुढून डोळा लावला की आरशासारख्या चकचकीत भिंतीवर पिळाच्या रेघा फिरत दूरवर गेलेल्या दिसतात. टोकाला नखाचा गुलाबी चंद्र. आयुष्यभर संतांच्या ओव्या शिकवून जे मला दिसलं नाही, ते निर्गुण की काय ते त्या नळीत दिसल्यासारखं वाटलं. मी तसं म्हणालो. काका म्हणाले, "निरगुन नाही, तेल हाये. पातळ पायजे अजून."

एवढ्यावर भागलं असतं, पण वर्षातून एखादा बार निघालाच तर उकळतं पाणी येतं. जुन्या काडतुसांच्या टिकल्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून नळीत जो क्षार मागे राहतो तो मिठाच्या जातीचा; हवेतली ओल ओढून घेतो आणि नळी गंजवतो. तेलात मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. म्हणून गोऱ्या शिपायांच्या काळापासून नरसाळ्यानं नळीत उकळतं पाणी ओतायची रीत. नळी तापते, म्हणून वाळतेही लगेच. हल्लीच्या बऱ्याच काडतुसांत तो क्षार नसतो, हे काकांना त्यांच्या मुलानं मोबाइलवर दाखवलं. काकांनी मोबाइल हातात घेऊन त्याच्या चार्जिंगच्या भोकात पाहिलं आणि म्हणाले, "याच्यातच किती कचरा हाये पाह्य. हा काय सांगनार मले." पाणी ओततातच. ते चहाचं असतं, हे काकूंचं दुसरं दुःख.

नळी दिसली की काकांचा डोळा तिच्यात जातोच. मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा मुलगा आत पोहे खात असताना काकांनी बाहेर जाऊन त्याच्या मोटरसायकलच्या सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं. बोटाला कोरडी राखाडी काजळी लागली, चिकट तेलकट नाही. म्हणजे इंजिन तेल पीत नाही. "पोरगा पीत असन का नाही, मालूम नाही, गाडी पीत नाही," असं म्हणून होकार दिला. जावई चांगला निघाला. याचं श्रेय काकू कुलदैवताला देतात आणि काका काजळीला.

२०१८ च्या २ नोव्हेंबरला रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ अवनी वाघीण मारली गेली, तेव्हा जिल्हाभर पानठेल्यावर दोन तट पडले. तिच्यावर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. आधी बेशुद्धीचं इंजेक्शन की आधी गोळी, यावर लोक हमरीतुमरीवर आले. काकांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकून विचारलं, "अन् रात्रीच पुसली का सकाळी?" त्यानंतर दोन्ही तट एक होऊन काकांच्या विरुद्ध गेले.

२०२४ साल मात्र त्यांनी कसं काढलं ते त्यांनाच माहीत. निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करण्याचा हुकूम निघतो. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, आमच्या यवतमाळ-वाशीमचं मतदान २६ एप्रिलला झालं, निकाल ४ जूनला. रायफल परत आली तोवर पाऊस तोंडावर. १५ ऑक्टोबरला पुन्हा आचारसंहिता, विधानसभेची. रायफल ठाण्यात असे त्या दिवसांत काका रविवारी सातला ओट्यावर येऊन बसत. समोर घोडा रिकामा, परडीत चिंध्या. पोर सासरी जाऊन दोन दिवस झालेल्या बापासारखे दिसत. एकदा जेवणाचा डबा घेऊन ठाण्यात गेले. "रायफलले भेटायचं होतं." तिथल्या लोकांनी मोठ्या मनानं भेटू दिलं आणि परिणामी त्यांना त्या दिवशी चार बाय दोन, चार बाय दीड, सागर, सतरा चकरा हे सगळं उभ्यानं ऐकावं लागलं.

त्या वर्षी त्यांना एकच सुखाचा दिवस लाभला, १ ऑगस्ट. पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं. गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं, ४५१.४ गुण. आम्ही काकांकडेच टीव्हीला चिकटलो होतो. सगळे दहा-दशांश-अमुक मोजत असताना काका रायफलीच्या तोंडाकडे पाहत होते. पोरगा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस आहे, असं निवेदक म्हणाला, तसे काका मांडीवर थाप मारून म्हणाले, "मंग बराबर हाये! तपासनारा मानूस. कोनाले सोडत नसन."

आता डुकरांचं सांगतो, नाही तर ज्यासाठी रायफल घेतली ते राहूनच जायचं.

तूर शेंगांवर आली होती. काका जागलीला गेले, सोबत मी. डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते. आमचा बेत फक्त हवेत एक बार काढून कळप पळवण्याचा. माळ्यावर घोंगडी पांघरून बसलो. मध्यरात्रीनंतर खालच्या बांधाकडून घुर्र घुर्र आलं, मग तुरीची झाडं मोडल्याचा कडकड आवाज. मी काकांना ढोसलं. "काका, आले!" काका उठले, रायफल मांडीवर घेतली, बोल्ट काढला, चेंबरमध्ये करंगळी घातली आणि कुजबुजले, "खाली हाये."

"अहो, मग भरा की!"

"तेल हाये नळीत."

"असू द्या!"

"असू द्या कसं? तेलाच्या नळीतून बार काढतेत का? दाब वाढते. पयली गोळी भलतीकडं जाते."

"हवेतच सोडायचीय ना? भलतीकडं म्हणजे कुठं जाणार?"

यावर अंधारातही त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला जाणवली. रॉड आणला होताच. माळ्यावरची अर्धी जागा त्यानंच घेतली होती. नेढ्यात चिंधी ओवायला उजेड नाही. बॅटरी लावली तर डुकरं पळतील म्हणून काका ती लावू देईनात. ती पळावीत म्हणूनच आपण आलो आहोत, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हत्यार तयार नसताना दुश्मनाले सावध करत नसतेत." पहिली चिंधी, दुसरी चिंधी. खाली कडकड, मचमच, पिलांची चीं चीं. तिसरी चिंधी काकांनी नाकाशी नेऊन हुंगली. "अजून एक." चौथी कोरडी निघाली. काडतूस भरलं, नळी आभाळाकडे केली, तोवर खाली सगळं शांत झालं होतं. डुकरांनी सहा ओळी आडव्या केल्या होत्या आणि ती पोट भरून, कोणतीही घाई न करता, नाल्याकडे उतरली होती.

काकांनी काडतूस काढलं. बार झालाच नव्हता. मग नळीला पुन्हा तेल लावलं.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी रायफल अमरावतीला एका बंदूक दुरुस्तीवाल्याकडे नेली. बोल्ट जरा जड वाटत होता म्हणे. परवान्याचे कागद असलेली पिशवी माझ्याकडे. म्हातारा कारागीर, त्यानं भिंग लावून नळीचं तोंड बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "किती गोळ्या झाडल्या?"

काकांची वही असते. तारीख, चिंध्यांची संख्या, शेवटच्या चिंधीचा रंग, शेरा. त्यांनी वही काढून अभिमानानं सांगितलं, "एकवीस वर्षांत अकरा."

"अन् साफ कितीदा केली?"

"दर रविवारी. एक हजारावर."

म्हाताऱ्यानं भिंग काकांच्या हातात दिलं. काकांनी पाहिलं. नळीच्या काठाला उजव्या अंगाला एक बारीक गुळगुळीत घळ पडली होती, जुन्या विहिरीच्या काठावर दोरानं पडते तशी. "गोळीनं नाही झिजली काका," म्हातारा म्हणाला, "दोरीनं झिजली."

नेरला येईपर्यंत एसटीत काका एक शब्द बोलले नाहीत. नांदगाव खंडेश्वर मागे पडल्यावर मीच म्हणालो, "तुम्ही तर दोरी सरळ ओढता, मग उजवीकडंच कशी?" त्यांनी खिडकीबाहेर पाहत उत्तर दिलं नाही. उत्तर मला माहीत होतं. रस्ता ओट्याच्या उजव्या हाताला आहे. येणारा-जाणारा थांबून पाहतो की नाही, ते पाहत पाहत काका एकवीस वर्षं ओढत होते.

पुढच्या रविवारी सात वाजले, ओट्यावर कोणी आलं नाही. काकूंनी खुणेनं सांगितलं, आत आहेत. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. फुलतरू खुंटीला टांगलेला. रायफलीला आता मागूनच रॉड, तोही महिन्यातून एकदा, असं काकू म्हणाल्या. त्यांच्या आवाजात विजय नव्हता. चहा वेळेवर मिळू लागल्यानं त्या जरा बावरल्यासारख्या वाटल्या.

तिसऱ्या रविवारी सहालाच माझ्या दाराची कडी वाजली. काका दारात, काखेत परडी.

"सर, तुमचा फवारनीचा पंप कुठं हाये?"

पंप पडवीत होता. नोझल तुंबलेलं, आणि मी ते आदल्या संध्याकाळी तोंडानं फुंकताना त्यांनी कुंपणावरून पाहिलं होतं. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसेक माणसं गेली, हे ठाऊक असूनही हात जातो तो जातोच. त्यावरून काकांनी मला दारातच असं काही झाडलं की कोतासमोर उभ्या असलेल्या रंगरुटासारख्या माझ्या टाचा आपोआप जुळल्या. मग हातमोजे घालून त्यांनी पंपाची लांब दांडी सोडवली, नोझल वेगळं केलं, साबणाच्या पाण्याचं भांडं मागवलं. पितळी रॉड त्यात जाईना. तेव्हा खराट्याची काडी तासून, तिच्या टोकाला खाच पाडून त्यात चिंधी ओवली. ही चिंधी एक बाय अर्धा होती. बहुतेक नवीन माप ठरलं असावं.

दांडी उजेडाकडे धरण्यापूर्वी ते थांबले. टाकीकडे बोट करून माझ्याकडे पाहिलं.

"खाली हाये ना?"

"हो."

"कितीदा पाह्यलं?"

मी उठलो, झाकण उघडून आत पाहिलं आणि म्हणालो, "एकदा."

काका काही न बोलता दांडी मांडीवर ठेवून बसून राहिले. मी पुन्हा झाकण उघडलं.